शेतकऱ्यासाठी मोटार कोणत्या देशाने आखली? जुन्या-नव्या गाड्यांची तुलना

वऱ्हाडी चाक (दारव्हा, जि. यवतमाळ) – मूळ धागा

जुनी गाडी चांगली की नवी, हा वाद आपल्या मंचावर वरचेवर होतो आणि बहुतेक वेळा तो पत्र्याच्या जाडीपाशी येऊन अडकतो. एक बाजू जुन्या फियाटच्या मडगार्डवर टिचकी मारून आवाज ऐकवते, दुसरी बाजू एअरबॅग मोजून दाखवते आणि वाद तिथेच राहतो. मला वाटते की मोटारींची तुलना करताना आधी एक प्रश्न विचारावा: ही गाडी ज्या देशात जन्मली, त्या देशाने ती कोणत्या रस्त्यासाठी आणि कोणाच्या उपयोगासाठी आखली? मी काळ्या मातीच्या मुलखात राहतो. पावसाळ्यात ही माती फुगते, उन्हाळ्यात तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि डांबरी सडक सोडून पांदणीला लागले की गाडीची खरी परीक्षा सुरू होते. या पांदणीवर उभे राहून जगातल्या गाड्यांकडे पाहिले, तर नेहमीची क्रमवारी पार बदलून जाते.

माझ्या मते पहिला मान फ्रान्सच्या सिट्रोएन २सीव्हीचा आहे. १९३० च्या दशकात सिट्रोएनचे प्रमुख पिएर-ज्यूल बुलांजे यांनी आपल्या अभियंत्यांपुढे जी अट ठेवली, ती आजही वाचताना थक्क व्हायला होते. गाडीत दोन शेतकरी आणि ५० किलो बटाटे मावावेत, ती ताशी ६० किलोमीटर वेगाने जावी, १०० किलोमीटरला ३ लिटर पेट्रोल पुरावे आणि नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी एकही अंडे फुटू नये, अशी ती अट होती. महायुद्धामुळे काम रखडले आणि गाडी लोकांसमोर आली ती १९४८ च्या पॅरिस प्रदर्शनात. सुरुवातीचे इंजिन अवघे ३७५ सीसीचे, दोन सिलिंडरचे, ९ अश्वशक्तीचे आणि हवेने थंड होणारे होते. त्यामुळे रेडिएटर नाही आणि पाणी उकळण्याची धास्तीही नाही. तिची खरी करामत मात्र खालच्या बाजूला आहे. प्रत्येक बाजूची पुढची आणि मागची चाके लांब दांड्यांवर बसवलेली असून, त्या दांड्या गाडीच्या लांबीत आडव्या ठेवलेल्या नळकांड्यांतील स्प्रिंगांनी एकमेकींशी जोडलेल्या आहेत. पुढचे चाक उंचवट्यावर चढले की त्या हालचालीचा काही भाग मागच्या चाकाकडे जातो आणि वरची बैठक बरीचशी समतल राहते. ज्यांनी ओल्या वावरात सऱ्या आडव्या ओलांडल्या आहेत, त्यांना या रचनेचे मोल मी सांगायला नको. ही गाडी १९९० पर्यंत बनत राहिली आणि ३८ लाखांहून अधिक तयार झाल्या.

ब्रिटनचे उत्तर होते लँड रोव्हर. मॉरिस विल्क्स हे रोव्हर कंपनीतले अभियंते अँगलसी बेटावरच्या आपल्या शेतावर युद्धातून उरलेली अमेरिकन जीप वापरत असत आणि तिच्या जागी आपल्याच देशातली गाडी असावी, या विचारातून १९४८ ची लँड रोव्हर उभी राहिली. युद्धानंतर पोलाद नियंत्रित होते म्हणून अंगाचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा केला, आणि इंजिनाची ताकद शेतीच्या अवजारांना देता यावी यासाठी पीटीओची सोय ठेवली. त्याच सुमारास जर्मनीत युनिमॉग हा शेतीकामाचा छोटा ट्रक तयार झाला. त्याच्या दोन चाकांमधले अंतर १,२७० मिलिमीटर ठरवण्यात आले, कारण बटाट्याच्या दोन ओळी त्यात बरोबर बसत होत्या. कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी कोणीतरी वावरात जाऊन ओळींमधले अंतर मोजले होते, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आता आपल्याकडे पाहू. १९५३ नंतर सरकारने केवळ जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना वाव ठेवला नाही, जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी येथून काढता पाय घेतला, आणि पुढची तीन दशके आपल्या वाट्याला मुख्यतः दोन गाड्या आल्या. कोलकात्याजवळच्या उत्तरपाऱ्यात बनणारी ॲम्बॅसडर म्हणजे ब्रिटनची मॉरिस ऑक्सफर्ड, आणि वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर कंपनीची कुर्ल्यातली पद्मिनी म्हणजे इटलीची फियाट ११००. दोन्ही गाड्या युरोपातल्या शहरी मध्यमवर्गासाठी आखलेल्या होत्या. त्या आपल्याकडे टिकल्या याचे श्रेय मी त्यांच्या साधेपणाला आणि आपल्या मिस्त्र्यांच्या हाताला देतो. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तीही जपानच्या शहरी गल्ल्यांसाठी घडलेल्या छोट्या सुझुकीवर बेतलेली. एवढ्या मोठ्या शेतीप्रधान देशात कास्तकाराला समोर बसवून, त्याचा रस्ता, त्याचा माल आणि त्याचे कुटुंब विचारात घेऊन प्रवासी मोटार आखली गेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आपले अनुभव आणि आक्षेप, दोन्हींचे स्वागत आहे.

गॅरेजवाला, अकोट

दादा, विषय फार चांगला काढला. आपण साधेपणाचा उल्लेख केला, त्यावर माझ्या धंद्याच्या बाजूने लिहितो, कारण जुन्या गाडीचा साधेपणा सुखाचा असतो तसा तापदायकही असतो.

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. पद्मिनीचा यांत्रिक पेट्रोल पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असतो. इंजिन तापले की पंप तापतो, नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, पंप पेट्रोलऐवजी वाफ ओढू लागतो आणि कार्बोरेटरच्या भांड्यात पेट्रोल पोहोचत नाही. गाडी दोन-तीन झटके देते आणि बंद पडते. यावरचा उपाय प्रत्येक जुन्या चालकाला ठाऊक होता: पंपाला ओले फडके गुंडाळायचे, वरून पाणी शिंपडायचे आणि बाभळीच्या सावलीत थोडा वेळ थांबायचे. फडके सुकत आले की गाडी सुरू होते. आजच्या गाडीत पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्येच बुडालेला असतो आणि पुढे पेट्रोल दाबाने ढकलतो, त्यामुळे हा प्रकार जवळजवळ संपला आहे. ज्यांना जुन्या काळाची ओढ आहे त्यांनी लग्नाच्या वऱ्हाडासह रस्त्यात थांबण्याचा हा प्रसंगही लक्षात ठेवावा.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पॉइंट घासायचे, प्लगचे अंतर पान्याच्या पेटीतल्या पट्टीने लावायचे, कार्बोरेटरचे जेट फुंकून साफ करायचे, एवढ्यावर पद्मिनी आणि ॲम्बॅसडर पुन्हा रस्त्याला लागत असत आणि त्यासाठी जिल्ह्याच्या गावी जावे लागत नसे. आज एक सेन्सर गेला तर गाडी मंद गतीने चालते किंवा चालतच नाही. स्कॅनर लावला की दोषाचा क्रमांक पडद्यावर येतो, हे मोठे सुख आहे आणि त्यामुळे अंदाजाने सुटे भाग बदलण्याचे प्रकार कमी झाले, हे मी मान्य करतो. पण नवा भाग बसवल्यावर गाडीच्या संगणकाला त्याची ओळख करून द्यावी लागते आणि त्यासाठीची संगणकीय किल्ली अनेकदा फक्त कंपनीच्या कार्यशाळेकडे असते. गावातल्या मिस्त्रीला दुरुस्ती जमत असूनही तो हात लावू शकत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

राष्ट्रांच्या तुलनेसाठी एक उदाहरण देतो, ते म्हणजे फियाट १२४. इटलीत ती १९६६ मध्ये आली. सोव्हिएत रशियाने तोल्यात्ती येथे कारखाना उभारून १९७० पासून तीच गाडी झिगुली म्हणून बनवली, परंतु जशीच्या तशी नव्हे. पत्रा जाड केला, गाडीची जमिनीपासूनची उंची वाढवली, चिखल-मातीचा विचार करून मागचे डिस्क ब्रेक काढले आणि ड्रम बसवले, वरच्या कॅमचे नवे इंजिन दिले आणि कडाक्याच्या थंडीत बॅटरी मान टाकते म्हणून हँडल मारून सुरू करण्याची सोय ठेवली. आपल्याकडे १९८५ मध्ये प्रीमियर ११८ एनई म्हणून याच घराण्याची गाडी आली, तेव्हा अंग फियाटचेच राहिले आणि इंजिन निसानचे ११७१ सीसीचे बसले. ते इंजिन उत्तम होते, मी कितीतरी खोलली आहेत. मात्र रशियाने आपल्या रस्त्याकडे पाहून गाडी बदलली तशी आपण बदलली नाही. आपण मांडलेल्या मुद्द्याला यातून बळच मिळते.

आर्वीकर

वऱ्हाडी चाक दादा आणि अकोटचे भाऊ, दोघांचेही लिखाण आवडले, परंतु या चर्चेत माणसाच्या जिवाचा हिशेब अजून आलेला नाही. मी शिक्षिका आहे, रोज आर्वीहून महामार्ग ओलांडून शाळेत जाते आणि अपघातानंतरच्या गाड्या रस्त्याच्या कडेला पडलेल्या पाहते, म्हणून हा मुद्दा मी सोडू शकत नाही.

जाड पत्रा म्हणजे सुरक्षितता, हा आपल्या गावांमधला सर्वांत पक्का समज आहे. २००९ मध्ये अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने आपल्या ५० व्या वर्षानिमित्त एक चाचणी केली. १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू या दोन गाड्या त्यांनी ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाने समोरासमोर, अर्धवट आच्छादून, एकमेकींवर आदळल्या. बेल एअर म्हणजे डेट्रॉइटच्या भरभराटीतली लांबलचक, भरपूर लोखंडाची गाडी. तिचा पुढचा खांब आत घुसला, छप्पर दुमडले, स्टिअरिंगचा दांडा चालकाच्या पुतळ्यावर आला आणि त्या जागी माणूस असता तर तो वाचला नसता. मालिबूच्या पुढच्या भागाचा चुराडा झाला, पण बसण्याची जागा शाबूत राहिली आणि चालकाला पायाच्या दुखापतीपलीकडे फार काही झाले नसते, असा निष्कर्ष निघाला.

यामागचे तत्त्व मर्सिडीजचे अभियंते बेला बारेनी यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच मांडले होते: गाडीची पुढची आणि मागची बाजू चुरडू द्यावी, धक्क्याची ऊर्जा तिथेच जिरवावी आणि मधला पिंजरा कणखर ठेवावा. १९५९ मध्ये व्होल्वोच्या निल्स बोलीन यांनी सीटबेल्टचा तीन बिंदूंचा पट्टा तयार केला आणि स्वीडनच्या त्या कंपनीने त्याचे पेटंट इतरांना खुले केले. कोणत्या देशाने जगाला काय दिले असे कोणी मला विचारले, तर मी २सीव्हीच्या स्प्रिंगांच्या आधी हा पट्टा सांगेन.

आपल्या उद्योगाबद्दलही हे बोलले पाहिजे. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या गाड्यांची धडक-चाचणी करणाऱ्या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या आवृत्त्या तपासल्या, तेव्हा पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले. त्यांत परदेशी नावांच्या गाड्याही होत्या. त्याच कंपन्या आपल्या देशात, आपल्या माणसांना जास्त सुरक्षित गाड्या विकत होत्या. पुढे कायद्याने २०१९ पासून चालकाची एअरबॅग आणि एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आले, २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनने पाच तारे मिळवून दाखवले आणि ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू झाली. गावातला माणूसही आता गाडी घेताना तारे विचारू लागला आहे, हा बदल मला फार मोलाचा वाटतो. जुन्या गाडीवर माझेही प्रेम आहे. माझ्या वडिलांची फियाट आमच्या वाड्यात आहे, परंतु त्या गाडीत मुलांना बसवून मी महामार्गावर जाणार नाही.

मोर्शीचा बागाईतदार

धागाकर्त्यांच्या मुख्य विधानाशी मी सहमत नाही. कास्तकारासाठी आपल्याकडे गाडी बनली नाही, हे पद्मिनी आणि मारुतीपुरते ठीक आहे. परंतु आमच्या मोर्शी-वरुडच्या संत्रा पट्ट्यात गेली कित्येक दशके माणसे आणि माल कशात जातात, हे पाहिले तर वेगळेच चित्र दिसते. महिंद्राने स्वातंत्र्याच्या सुमारास अमेरिकेच्या विलीज जीपची जोडणी सुरू केली आणि पुढे त्याच सांगाड्यावर लांब अंगाच्या गाड्या आल्या. एमएम ५४० मध्ये प्यूजोचे एक्सडीपी हे २११२ सीसीचे डिझेल इंजिन होते, म्हणजे अमेरिकेचा सांगाडा, फ्रान्सचे इंजिन आणि महाराष्ट्रातली बांधणी. महिंद्राचीच कमांडर तर काळी-पिवळी होऊन गावोगाव फिरली. आत किती माणसे बसायची आणि मागच्या फळीवर किती लटकायची हे सर्वांनी पाहिले आहे. आर्वीच्या ताईंना ते पटणार नाही आणि मीही त्याचे समर्थन करत नाही, पण एसटी न जाणाऱ्या गावातली बाळंतीण दवाखान्यात पोहोचली ती याच गाडीमुळे.

दुसरे नाव बजाज टेम्पोचे. जर्मनीच्या टेम्पो कंपनीशी करार करून सुरू झालेल्या या पुण्याच्या कारखान्याने मेटॅडोर आणि ट्रॅक्स आणल्या. त्यांना मर्सिडीजचे ओएम ६१६ हे २.४ लिटरचे डिझेल इंजिन मिळाले. जर्मनीत जे इंजिन मर्सिडीजच्या मोटारीत बसून प्रवासी नेत होते, तेच इंजिन आमच्या बागेत संत्र्यांच्या पेट्या ओढत होते. ट्रॅक्स आणि तिच्यानंतरची क्रूझर आजही आठवडी बाजाराच्या दिवशी वरुडच्या रस्त्यावर दिसतात. पाट्यांचा सस्पेन्शन, उंच चाके, मागच्या चाकांना ताकद आणि कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळणारे सुटे भाग. आता सांगा, वावरासाठी आणखी काय हवे?

नव्या गाडीबद्दल माझी एक खरी तक्रार आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-सहा हे धुराचे कडक निकष आले आणि डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारी गाळणी बसली. ही गाळणी साफ व्हायची तर गाडी काही काळ चांगल्या वेगाने, इंजिन पुरते तापवून चालवावी लागते. माझा रोजचा प्रवास म्हणजे घर ते बाग, पांदणीने, पहिल्या-दुसऱ्या गीअरवर. गाळणी भरते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि कार्यशाळेत नेले की गाडी महामार्गावर फिरवून आणा, असा सल्ला मिळतो. काजळी पकडलीच पाहिजे, हवा सर्वांची आहे. पण जो माणूस महामार्गावर जातच नाही, त्याचा दिनक्रम हे यंत्र आखणाऱ्यांनी पाहिला नाही, हे उघड आहे.

वऱ्हाडी चाक

मोर्शीकर भाऊ, आपले उत्तर वाचून आनंद झाला, कारण माझ्या प्रश्नाची दुसरी बाजू आपण पुढे आणली. तरीही मी माझ्या मतावर कायम आहे. जीप ही अमेरिकेच्या सैन्यासाठी आखलेली गाडी होती. तिच्यात आठ-दहा माणसे कोंबून तिची काळी-पिवळी केली, ती आपल्या गरजेने. मेटॅडोरचे आणि ट्रॅक्सचेही तसेच. लोकांनी हाताशी आलेल्या गाडीला आपलेसे केले, हे लोकांचे मोठेपण आहे; आखणाऱ्याने आधी लोकांकडे पाहिले, असे त्यातून सिद्ध होत नाही. आपण गाळणीचे जे उदाहरण दिले, त्यातही हेच दिसते.

आर्वीच्या ताईंचा मुद्दा मी पूर्णपणे मानतो आणि त्यातून मला एक आशाही दिसते. सुरक्षितता आपोआप आली नाही. चाचण्या झाल्या, निकाल लोकांसमोर आले, कायदा झाला, गिऱ्हाईक प्रश्न विचारू लागले आणि मग कंपन्यांनी पिंजरा मजबूत केला. पांदणीसाठी असलेल्या गाडीची मागणीही तशीच उघडपणे मांडली गेली पाहिजे. २सीव्हीची चाल आणि आजचा पिंजरा एकत्र येऊ नयेत, असा काही निसर्गनियम नाही. सिट्रोएनने २०२२ पासून आपल्या देशात तामिळनाडूमध्ये तयार होणारी सी३ विकायला सुरुवात केली आहे. ज्या कंपनीच्या इतिहासात अंड्यांची टोपली आहे, तिने विदर्भातल्या एखाद्या वावरात येऊन पुन्हा ती अट वाचावी, अशी माझी फार इच्छा आहे.

हिंगणघाटची रुई

या चर्चेत कापसाची बाजू कोणी मांडली नाही, म्हणून लिहितो. आमचे गाव कापसाच्या बाजारपेठेचे आहे आणि जगातल्या मोटार उद्योगाचा कापसाशी किती जवळचा संबंध आहे, हे आपल्या लोकांना कळले पाहिजे.

जपानच्या दोन मोठ्या मोटार कंपन्या मागातून जन्मल्या. साकिची तोयोदा यांनी स्वयंचलित माग तयार केला. धागा तुटला की तो आपोआप थांबत असे, त्यामुळे खराब कापड पुढे विणले जात नसे. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीने या मागाचे हक्क १ लाख पौंडांना घेतले आणि साकिचींचे पुत्र किइचिरो यांनी मोटारींचे काम हाती घेऊन १९३७ मध्ये टोयोटा कंपनी उभारली. दोष दिसताच काम तिथेच थांबवायचे, ही टोयोटाच्या कारखान्याची प्रसिद्ध शिस्त थेट त्या मागावरून आली आहे. जपानी गाडी विनातक्रार चालते असे आपण म्हणतो, त्याचे मूळ तुटलेल्या धाग्यात आहे. सुझुकीचेही तसेच. मिचिओ सुझुकी यांनी १९०९ मध्ये हामामात्सु येथे मागाचा कारखाना काढला, आणि १९५० च्या सुमारास त्या धंद्यावर संकट आले तेव्हा कंपनी वाहनांकडे वळली. १९५५ मध्ये ३६० सीसीची सुझुलाइट आली. आपल्या घरोघरी पोहोचलेली मारुती त्याच वंशातली आहे.

आपल्या टाटांचीही तीच गोष्ट आहे. जमशेटजी टाटा यांनी नागपुरात उभारलेली एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. विदर्भाचा कापूस जवळ, कोळसा जवळ, रेल्वे हाताशी, हा विचार करून त्यांनी मुंबई सोडून नागपूर निवडले होते. त्या उद्योगसमूहाने १९४५ मध्ये टेल्को (आजची टाटा मोटर्स) काढली, १९९८ मध्ये इंडिका लोकांसमोर आणली आणि २००८ मध्ये फोर्डकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर विकत घेतल्या. धागाकर्त्यांनी कौतुक केलेल्या त्या ब्रिटिश शेतगाडीची मालकी आज ज्या घराण्याकडे आहे, त्याच्या भरभराटीत आमच्या भागातल्या रुईचा मोठा वाटा आहे.

पूर्व जर्मनीच्या त्राबांटचे तर अंगच कापसाचे होते. पोलाद मिळेना म्हणून त्या देशाने सोव्हिएत रशियातून येणारा टाकाऊ कापूस घेतला, त्यात फिनॉलची राळ मिसळली, उष्णतेने आणि दाबाने त्याचे पत्रे केले आणि ते पोलादी सांगाड्यावर बसवले. गंज लागत नसे. दोन स्ट्रोकचे धूर ओकणारे इंजिन होते, पेट्रोल किती उरले ते टाकीत पट्टी घालून पाहावे लागे आणि गाडी मिळायला लोकांना वर्षानुवर्षे थांबावे लागे. तरीही १९५७ ते १९९१ या काळात अशा ३० लाखांहून अधिक गाड्या बनल्या. अमेरिकेत हेन्री फोर्ड यांनी १९४१ मध्ये शेतमालाच्या तंतूंपासून बनवलेल्या पत्र्यांची गाडी दाखवली होती आणि सोयाबीनवर त्यांचा मोठा भर होता. कापूस आणि सोयाबीन, आपल्याकडची दोन मुख्य पिके. आपल्या जिनिंगमधून जो कचरा निघतो, त्याचे काय होते ते आपण रोज पाहतोच.

वैनगंगेकाठचा (भंडारा)

सर्वांचे लिखाण अभ्यासपूर्ण आहे. माझा थोडक्यात मुद्दा असा की देशावरून गाडी ओळखण्याचा काळ आता संपत आला आहे. ब्रिटनची एमजी आज चीनच्या साइक कंपनीची आहे, मिनी जर्मनीच्या बीएमडब्ल्यूची आहे आणि ॲम्बॅसडरचे नाव २०१७ मध्ये फ्रान्सच्या प्यूजोने ८० कोटी रुपयांना घेतले. २०२३ मध्ये मोटारींच्या निर्यातीत चीनने जपानला मागे टाकले, आणि त्यात विजेच्या गाड्यांचा मोठा हात आहे. विजेची मोटर शून्यापासून पूर्ण जोर देते, त्यामुळे धानाच्या बांधीतल्या चिखलातून निघायला ती उत्तम ठरेल, असे मला वाटते. मात्र आमच्याकडे शेतीची वीज रात्री येते आणि कधी जाईल याचा भरवसा नसतो, तोपर्यंत गावात एकुलती एक गाडी विजेची घ्यावी, असे मी कोणाला सांगणार नाही.

आर्वीकर

अकोटच्या भाऊंना एक विचारायचे आहे. वडिलांची फियाट १९६८ ची ११०० डिलाइट आहे आणि ती बरीच वर्षे उभीच आहे. ती पुन्हा चालती करावी, अशी वडिलांची इच्छा आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. ते या गाडीला चालेल का, आणि नोंदणीचे काय करावे?

गॅरेजवाला, अकोट

ताई, गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी आहे आणि मूळ रूपात आहे, तर २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येईल. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो, शुल्क २०,००० रुपये आहे, मुदत दहा वर्षांची असून नूतनीकरणाला ५,००० रुपये लागतात. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्याच कामांसाठी रस्त्यावर काढता येते, रोजच्या वापराला नाही. वडिलांना ती रोज चालवायची असेल, तर साध्या नूतनीकरणासाठी परिवहन कार्यालयात विचारणा करावी.

पेट्रोलबद्दल सांगायचे तर इथेनॉल जुन्या रबराला फुगवते आणि हवेतले पाणी ओढून घेते. म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सर्व रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचा बसवून घ्यावा लागेल. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे मिश्रण पातळ पडते, इंजिन जास्त तापते. त्यासाठी कार्बोरेटरचा मुख्य जेट (पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) एक माप मोठा लावावा. गाडी पुन्हा उभी राहणार असेल तर कार्बोरेटरचे भांडे आणि टाकी रिकामी करून ठेवावी, नाहीतर तळाशी पाणी साचून आतून गंज धरतो.

सध्या मात्र स्टार्टर मारून पाहू नये. आधी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, एक दिवस जाऊ द्यावा आणि मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन हाताने फिरते का ते पाहावे. टोचन करूनही आणू नका, कारण इतकी वर्षे उभ्या असलेल्या गाडीचे ब्रेक ड्रमला धरून बसलेले असतात. ट्रॉलीवर चढवून आणावी. काकाजींनाही सोबत आणा, जुन्या गाडीची कोणती खोड केव्हापासून आहे हे तेच सांगू शकतील.